चौलचं बंदर आणि कोर्लईची बोली

अलिबागहून लोक चौलला जातात, दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढतात, रामेश्वराची पुष्करणी बघतात आणि रेवदंड्याला मासे खाऊन परत फिरतात. आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदरात फिरतोय हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

कुंडलिकेच्या मुखावरच्या या गावाला कान्हेरीच्या शिलालेखांत 'चेमुल' म्हटलंय. ग्रीक त्याला सिमिल्ला म्हणत, अरब सैमूर. प्रोग्रॅम तोच, व्हेरिएबलचं नाव फक्त प्रत्येकाने बदललेलं! अल्-मसुदी ९१६च्या सुमारास इथे आला, तेव्हा ओमान, बसरा, बगदादकडच्या कुटुंबांची मोठी वस्ती होती. पंधराव्या शतकात रशियाचा निकितिन होर्मुझहून घोडा घेऊन इथेच उतरला. १५०८ साली पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना इथेच मेला.

मग एवढं बंदर गेलं कुठे? बुडालं नाही, जळालं नाही. खाडीत गाळ साचत गेला, व्यापार आधी सुरतेकडे आणि मग मुंबईकडे सरकला. गंमत म्हणजे ती मुंबई पोर्तुगीजांनीच १६६१च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली होती. १७४० साली चौल मराठ्यांकडे आलं, तोवर त्याचा बहर ओसरला होता.

आज रेवदंड्याच्या कोटातून रस्ता जातो. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, चर्चच्या उघड्या भिंती आणि एक उंच मनोरा आहे. दर पावसाळ्यात मुळं दगडांत थोडी आणखी घुसतात.

पण मंडळी, खरा अवशेष खाडीपलीकडे कोर्लईत आहे. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली इथली कुटुंबं राहिली आणि त्यांची पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोलीही. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मात्र मराठीसारखी, क्रियापद शेवटी! क्लेमेंट्स या भाषातज्ज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे उरलेत जेमतेम हजारभर.

तटबंदीला निदान पुरातत्त्व खात्याची पाटी लागते. बोलीला कोण लावणार? शाळा मराठी, नोकरी मुंबईत. घरी पोरांशी ती बोलणं थांबलं की चौलच्या बंदराचा शेवटचा जिवंत अवशेषही संपेल.

तेव्हा पुढच्या खेपेला पूल ओलांडा. किल्ला बघाच, पण गावात थोडं थांबून कानही उघडे ठेवा.