घटस्फोटाचे न्यायालयीन दप्तर (तळेगाव दाभाडे व मावळ तालुका)

तळेगाव दाभाडे (ता. मावळ, जि. पुणे) व परिसरातील रहिवाशांच्या घटस्फोट-प्रकरणांतील अर्ज, रोजनामे, निकालपत्रे व हुकूमनामे, तसेच ती शोधून त्यांची नक्कल मिळवण्याची रीत.

तळेगावात जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद नगरपरिषदेत होते. घटस्फोटाची होत नाही. लग्नाची नोंद १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे विवाह निबंधकाकडे असते, पण ते लग्न पुढे मोडले तर त्या वहीला त्याचा पत्ताही लागत नाही. उरतो तो न्यायालयाच्या दप्तरातला कागद, आणि कोणत्या न्यायालयाच्या, हे ठाऊक नसेल तर तो हाती लागणे कठीण. दुसरे लग्न, पासपोर्ट, रेशनकार्ड, कंपनीतले नामनिर्देशन अशा प्रत्येक टप्प्यावर हा कागद मागितला जातो. तो जवळ नसल्याची किंमत सहसा बाईच मोजते, कारण सासर सोडताना कागदपत्रे मागे राहिलेली असतात.

शेजारच्या गोव्यात व्यवस्था निराळी आहे. तेथे पोर्तुगीज राजवटीच्या १९१० च्या घटस्फोट कायद्यापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार न्यायालयाचा निर्णय नागरी नोंदणी कार्यालयात जातो आणि लग्नाच्या मूळ नोंदीवरच त्याचा शेरा पडतो. पारशी विवाह व घटस्फोट कायद्यातही (१९३६) न्यायालयाने हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवावी, अशी तरतूद आहे. इतर महाराष्ट्रीयांसाठी अशी सोय कायद्याने केलेली नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

कोणते न्यायालय

शोधाचा निम्मा भाग येथेच संपतो किंवा येथेच अडतो.

मावळ तालुक्याचे न्यायालय तळेगावात नसून वडगाव मावळ येथे आहे. मात्र हिंदू विवाह कायद्याखालचे अर्ज कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे चालत नाहीत. महाराष्ट्रात ते वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाचे काम आहे. अर्जाच्या वेळी वडगावात ते होते की नाही हे आधी ठाऊक नसते, त्यामुळे तळेगावच्या जोडप्याचे प्रकरण शोधताना वडगाव आणि पुण्याचे शिवाजीनगर (जिल्हा न्यायालय) ही दोन्ही दप्तरे पाहावी लागतात. प्रकरण जितके जुने, तितकी शिवाजीनगरची शक्यता अधिक.

तिसरे ठिकाण पुण्याचे कौटुंबिक न्यायालय. १९८४ च्या कायद्याने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी अशी न्यायालये सांगितली आणि पुण्यात ते १९८९ मध्ये सुरू झाले. त्याची हद्द शासकीय अधिसूचनेने ठरते. तळेगाव पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहे, पण तेथील अनेकांचे लग्न किंवा शेवटचा एकत्र संसार महापालिका हद्दीत झालेला असतो. म्हणून कौटुंबिक न्यायालय वगळून चालत नाही. चाकणचा पत्ता असेल तर तालुका बदलतो: चाकण खेड तालुक्यात, आणि खेडचे न्यायालय राजगुरुनगरला.

अर्ज कोठे करता येतो, हे हिंदू विवाह कायद्याचे कलम १९ सांगते: लग्न लागले तेथे, प्रतिवादी राहतो तेथे, किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले तेथे. २००३ च्या दुरुस्तीने त्यात एक मोलाची भर पडली. अर्जदार पत्नी असेल तर ती राहत असलेल्या ठिकाणीही अर्ज करू शकते. औद्योगिक पट्ट्यात याचा अर्थ फार मोठा आहे. तळेगाव, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत लातूर, नांदेड, बीडपासून बिहारपर्यंतची माणसे संसार थाटतात. संसार मोडला की मुलगी माहेरी जाते आणि अर्ज तिकडच्या न्यायालयात पडतो. नवरा तळेगावचा आणि हुकूमनामा उदगीरचा, असे होऊ शकते. २००३ नंतरच्या प्रकरणात पत्नीच्या माहेरचा तालुका आधी पाहावा, हा सर्वांत उपयोगी संकेत होय.

प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्यात वर्ग झालेले असू शकते. पत्नीच्या विनंतीवरून उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय असे आदेश देते. वर्ग झाल्यावर क्रमांक नवा पडतो; जुना क्रमांक धरून बसणाऱ्याला दप्तर रिकामे दिसते.

क्रमांक व नाव

दिवाणी न्यायालयातील हिंदू विवाह अर्जाला वकिलांच्या बोलीत ‘एचएमपी’ म्हणतात. कौटुंबिक न्यायालयात याचिकांना अक्षरे आहेत: घटस्फोटाच्या वादाला ‘ए’, परस्पर संमतीच्या घटस्फोटाला ‘एफ’, फौजदारी प्रक्रिया कायद्याखालच्या पोटगीला ‘ई’. क्रमांक सांगताना अक्षर सुटले तर कारकुनाच्या हाती दुसऱ्याच जोडप्याची फाइल येते.

ई-कोर्ट्स सेवेत प्रत्येक प्रकरणाला सोळा स्थानांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याची दोन अक्षरे, न्यायालयाचे दोन अंक, अनुक्रमाचे सहा अंक आणि शेवटी वर्ष असे भाग पडतात. तो ठाऊक असेल तर पुढची तारीख, टप्पा आणि निकालाचा दिवस लगेच कळतो. नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष घालून शोधावे लागते. तेथे खरी अडचण नावांची. भेगडे, दाभाडे, काकडे ही या भागातली आडनावे रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिली जातात. स्त्रीचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर ‘उर्फ’ लावून दोन्ही. म्हणून दोघांच्या नावांनी, दोन्ही आडनावांनी आणि लागोपाठच्या वर्षांत शोध घ्यावा. निकालपत्र तेथे उघडेलच असे नाही, आणि संगणकाआधीच्या काळासाठी न्यायालयातील नोंदवहीच पाहावी लागते.

वडगावच्या दंडाधिकाऱ्यापुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज झाला असेल तर त्यात घटस्फोटाच्या अर्जाचा उल्लेख सापडू शकतो. लोकअदालतीची दप्तरे चाळण्यात अर्थ नाही. तेथे वैवाहिक वाद मिटतात, घटस्फोट मात्र वगळलेला असतो.

नक्कल

नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फीचे तिकीट, सोबत प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे आणि निकालाची तारीख. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणे असतात, हुकूमनाम्यात लग्न संपल्याचा आदेश. कचेऱ्यांत बहुधा हुकूमनामा पुरतो, पण पोटगी किंवा मुलांच्या ताब्याचा प्रश्न असेल तर दोन्ही घ्यावेत. जुन्या प्रकरणाची फाइल रेकॉर्ड रूममधून मागवावी लागते. सगळे कागद सारखे टिकत नाहीत; किरकोळ अर्ज व समन्स लवकर नष्ट होतात, हुकूमनामा जपला जातो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. हा हक्क पुष्कळ स्त्रियांना माहीतच नसतो. ती प्रत वकिलाच्या फाइलमध्ये पडून राहते आणि वर्षांनंतर नव्याने धावपळ सुरू होते. निकालाच्या दिवसांतच ती मागून घ्यावी. वकील करण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य दिले आहे.

त्रयस्थाला ही दारे जवळजवळ बंद आहेत, आणि ते योग्यच आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार सुनावणी बंद दालनात होते आणि तिचा मजकूर छापणे हा दंडनीय अपराध आहे. माहितीच्या अधिकाराचा मार्गही चालत नाही. न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांत प्रत मिळण्याची तरतूद असताना त्या कायद्याखाली मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. लग्न जमवताना स्थळाची चौकशी करणाऱ्याने प्रमाणित प्रत त्या व्यक्तीकडूनच मागावी.

छापील निकाल

उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निकाल न्यायालयाच्या परवानगीने छापता येतात, त्यामुळे पुणे जिल्ह्यातील एखादे प्रकरण अपिलात वर गेले तरच ते सर्वांना वाचता येते. सर्वांत गाजलेले उदाहरण ‘दास्ताने विरुद्ध दास्ताने’. हा अर्ज १९६२ मध्ये पुण्यात दाखल झाला. वरिष्ठ स्तर न्यायाधीशांनी क्रूरतेच्या मुद्द्यावर न्यायिक फारकत दिली, जिल्हा न्यायालयाने ती उलटवली, मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा निर्णय राखला. पुण्यातच कायदा शिकलेले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी १९ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला: क्रूरता सिद्ध होते, पण नंतरच्या सहवासाने ती माफ झाली. अपील फेटाळले गेले. वैवाहिक वादात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, हे तत्त्व याच निकालाने पक्के केले.

घटस्फोटाच्या चर्चेत सतत उद्धृत होणाऱ्या या प्रकरणात घटस्फोट झालेलाच नाही. कोणी केवळ पहिल्या न्यायालयाचा कागद काढला असता तर न्यायिक फारकत मिळाली, असे समजून बसला असता. म्हणून हुकूमनामा मिळाल्यावर अपील झाले की नाही, हे तपासणे आवश्यक ठरते. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत २००३ पासून ९० दिवसांची आहे. पुणे जिल्ह्याची उच्च न्यायालयातील अपिले मुंबईतच चालतात. २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे हा जिल्हा नाही.

हिंदू विवाह कायद्यापूर्वीचे (१९५५ पूर्वीचे) दप्तर

काडीमोड (रूढीने घटस्फोट) आणि पाट (पुनर्विवाह) ज्या जातींत रूढ होते, तेथे लग्न मोडण्यासाठी न्यायालय लागत नसे. पेशवाईतील असे व्यवहार महसुलाच्या कागदांत डोकावतात, कारण पाटावर ‘पाटदाम’ नावाचा कर होता. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर मोडी लिपीत आहे. ते वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते. ज्यांच्यात काडीमोड नव्हता त्या हिंदूंना १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने पहिल्यांदा न्यायालयातून घटस्फोट मिळू लागला. बडोदे संस्थानाने तो १९३१ मध्येच दिला होता.

न्यायालयाबाहेरची सोडचिठ्ठी

मुद्रांकावर लिहून नोटरीपुढे सह्या केलेली फारकत मावळात आजही दाखवली जाते. नोटरीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, पण ती रूढी न्यायालयात स्पष्टपणे मांडून सिद्ध करावी लागते. तोवर असा कागद घेऊन दुसरे लग्न करणे धोक्याचे. अशा कागदाची नोंद न्यायालयाच्या दप्तरात सापडत नाही.

मुस्लिम व ख्रिस्ती

मुस्लिम पत्नीचा दावा १९३९ च्या कायद्याखाली, ख्रिस्ती जोडप्याचा अर्ज १८६९ च्या कायद्याखाली. न्यायालयीन दप्तराची रीत वरीलप्रमाणेच.

परदेशी हुकूमनामे

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोट्यांना उतरले तरच ग्राह्य. सर्वोच्च न्यायालयाचा या विषयावरील मूलभूत निकाल १९९१ चा आहे.