मुसळीची कुळकथा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या पानझडी जंगलात पहिल्या पावसाबरोबर गवतासारख्या पानांचा झुपका वर काढणाऱ्या पांढऱ्या मुसळीला तिचे नाव आकारावरून मिळाले आहे. संस्कृतातील ‘मुसल’, म्हणजे कांडणाचे मुसळ, याचे लघुरूप ‘मुसली’ असून, पाने वाळल्यावर खणून काढलेल्या घोसातील एकेक मुळी बोटाएवढी असते. तिची साल ओलेपणीच सोलतात आणि उन्हात वाळली की ती पांढरी, टणक होते.

मुसळी ज्यासाठी घेतात ते वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असून, ‘वाजी’ म्हणजे घोडा, म्हणून अश्वासारखे सामर्थ्य देणारी ती चिकित्सा, अशी त्या शब्दाची फोड करतात. चरकसंहितेत क्लैब्याचे, म्हणजे संभोगाच्या असमर्थतेचे, चार प्रकार सांगितले असून त्यांत वार्धक्याने येणारे ‘जरासंभव’ क्लैब्य वेगळे धरले आहे. जुन्या निघंटूंतील, म्हणजे औषधिकोशांतील, मुसली ही सामान्यतः काळी मुसळी मानली जाते. पांढरीच्या नावाने मात्र एकाच वंशाच्या अनेक जाती विकल्या जातात, आणि त्यांपैकी ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ या जातीला १९५५ मध्ये सांतापाव आणि फर्नांडिस यांनी मुंबईच्या बोरिवलीचे नाव दिले.

वनहक्क कायदा, २००६ याने औषधी वनस्पती, मुळे व कंद यांना गौण वनोपजात धरले, आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामुळे कंद खणणाऱ्याचा हक्क कागदावर आला. कंदाच्या गुणाचा पुरावा मात्र अजून बहुतांशी उंदरांवरील प्रयोगांचा आहे.

उतारवयातील लैंगिक शिथिलतेमागे पुष्कळदा मधुमेह, उच्च रक्तदाब आणि आक्रसलेल्या रक्तवाहिन्या असतात. हृदयशूळावरील औषधाच्या शोधातून निघालेले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल नेमके रक्तप्रवाहावर काम करते. ते लागू पडले नाही तर निर्वात पंप, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेने बसवलेले रोपण हे पर्याय उरतात. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिलची गोळी घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो, आणि ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या शक्तिवर्धक चूर्णांत हेच रसायन मिसळलेले अनेक देशांच्या औषध नियामकांना आढळले आहे. अशा पुडीचा गुण आला, तर त्याचे श्रेय मुसळीला मिळते आणि धोका मात्र घेणाऱ्याच्या हृदयाला राहतो.