घाटात पेट्रोल कोण चढवतं?

तुमची बाईक २०२० नंतरची असेल तर उद्या एक गोष्ट ऐकून बघा. किल्ली फिरवा, पण स्टार्टर लगेच दाबू नका. टाकीतून दोनेक सेकंद 'झूँऽऽ' असा बारीक आवाज येईल आणि थांबेल. तो इंधन पंप. टाकीत पेट्रोलमध्ये बुडून बसलेली एक छोटी मोटर पुढच्या नळीत दाब तयार करते. आपण रोज तो आवाज ऐकतो आणि रोज दुर्लक्ष करतो. मीही करायचो. गेल्या वर्षी एका पंपाने माझे आणि माझ्या मित्राचे तीन महिने खाल्ले, तेव्हा त्याच्याकडे नीट बघावं लागलं.

मी कामशेतचा. हिंजवडीत कोड लिहितो. मित्राकडे एक जुनी युरोपियन टर्बो सेडान आहे, मूळची १५० हॉर्सपॉवरची. त्याने साठवलेले पैसे ओतून तिची ताकद २५०च्या आसपास नेली. लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची ड्रॅग शर्यत होते, पाव मैलाची, म्हणजे साधारण ४०२ मीटरची. त्याला तिथे उतरायचं होतं. गाडी खाली छान चालायची, पण ५,००० आरपीएमच्या वर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की खोकल्यासारखे झटके द्यायची. एका गॅरेजने सांगितलं, "पंप कमी पडतोय, मोठा टाका." आम्ही नऊ हजारांचा, तासाला २५५ लिटर लिहिलेला पंप मागवला, बसवला. झटके तसेच.

आता थोडं मागे जाऊ. कारण हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. बोरघाटाचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत: चढावर ताकद लागते तेव्हा ती पोचवायची कशी?

१८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. आपण ज्याला अमृतांजन पूल म्हणायचो तो त्याच काळातला. एप्रिल २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तो पाडला. त्या रस्त्यावर ताकद म्हणजे बैल. चढ जड झाला की जादा जोडी जुंपायची.

मग रेल्वे आली. घाटाच्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे नेलं. हजारो मजूर कॉलरा आणि तापाने गेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला: साधारण २५ किलोमीटरचा चढ, १,८३१ फुटांची उंची, २५ बोगदे आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ. या चढावर एक इंजिन पुरत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडी ओढत नाहीत, मागून ढकलतात. सगळा भार पुढून ओढला तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो आणि कपलिंग तुटलं तर मागचे डबे उताराला लागतात. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनावर धावू लागली. वाफ गेली, वीज आली, बँकर मात्र आजही आहेत.

'ओढणं' आणि 'ढकलणं' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये पंप नव्हताच. १९०८ ते १९२७ पर्यंत बनलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी आणि चढ उभा, की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि गाडी उपाशी. यावर ड्रायव्हर लोकांचा उपाय साधा होता: गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा.

मग व्हॅक्यूम टाकी आली. इंजिनाच्या श्वासाने पेट्रोल ओढून घेणारी. तिची गंमत अशी की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनातली ती ओढ कमी होते. म्हणजे लांब चढावर, सगळ्यात जास्त पेट्रोल हवं तेव्हाच ते सगळ्यात कमी मिळणार. पुढे कॅमशाफ्टने हलणारा, पडद्याचा यांत्रिक पंप आला आणि तो कित्येक दशकं टिकला. आपल्याकडच्या फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीमध्ये, तोच होता.

इथे माझे बाबा येतात. १९८४ पासून त्यांनी दादर-पुणे टॅक्सी चालवली. गाडी पद्मिनी. एक्सप्रेसवे व्हायच्या आधीचा घाट म्हणजे ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन्‌तास सरपटणं. मे महिन्याची दुपार, चार प्रवासी, डिकीत बॅगा. इंजिन तापायचं आणि इंजिनालाच चिकटलेला पंपही तापायचा. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उडायला लागतात. त्यात हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी. दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पंपाचा पडदा वाफच दाबत बसतो आणि पुढे काही जात नाही. गाडी बंद. याला व्हेपर लॉक म्हणतात. बाबा त्याला "पेट्रोल उडालं" म्हणायचे.

उपाय त्यांच्या सीटखाली असायचा: एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली. बॉनेट उघडायचं, ओला पंचा पंपावर गुंडाळायचा, पाच-दहा मिनिटं थांबायचं. त्या काळात घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच दिसायची. मला लहानपणी वाटायचं, तो पंचा म्हणजे शिंग्रोबाच्या देवळासमोर नाणं टाकण्यासारखाच एक रिवाज आहे. शिंग्रोबा या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांनी त्यालाच मारलं, असं आमच्याकडे सांगतात. जुन्या रस्त्यावरचे ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. पंचा मात्र रिवाज नव्हता, ते भौतिकशास्त्र होतं. हे मला इंजिनीअरिंगची डिग्री घेतल्यावरही कित्येक वर्षं कळलं नाही.

एप्रिल २००० मध्ये देशभर 'इंडिया २०००' हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्या सुमारास गाड्यांमधून कार्ब्युरेटर झपाट्याने गेला. इंजेक्शन आलं आणि त्याच्याबरोबर टाकीतला विजेचा पंप. तो मागून ढकलतो, कर्जतच्या बँकरसारखा. नळीत साधारण ३ बार जादा दाब असतो. दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही आणि पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. २००२ पर्यंत एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला. त्याच वर्षी बाबांनी टॅक्सी विकली. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे रस्त्यावरून गेली, ती बातमी मी त्यांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला.

आता पुन्हा मित्राच्या गाडीकडे. मोठा पंप टाकूनही झटके का? आधी हिशेब करू. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला ढोबळमानाने २७० ग्रॅम पेट्रोल लागतं. २५० हॉर्सपॉवरला झाले साधारण ६८ किलो, म्हणजे ९० लिटरच्या आसपास. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला जळताना हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन द्यावं लागतं. त्याचे सात-आठ टक्के धरा आणि वर वीस टक्के राखीव. सगळं मिळून तासाला १२० लिटर. २५५चा पंप म्हणजे दुपटीहून जास्त.

पण डब्यावरचा आकडा ठरावीक दाबाचा आणि ठरावीक व्होल्टेजचा असतो, साधारण १३.५ व्होल्टचा. टर्बोने १.२ बार हवा कोंबली की इंजेक्टरला तेवढाच जादा दाब लागतो, म्हणजे ३ चे ४.२ बार. दाब वाढला की प्रवाह घटतो. व्होल्टेज पडलं तर आणखी घटतो. मोठा पंप करंटही जास्त खातो.

हे सगळं मला माहीत होतं, पण सुटं सुटं. ते जोडलं बाबांनी. रविवारी आम्ही दोघं अंगणात फिल्टर बदलत होतो. ते चहा घेऊन आले, ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "पंप बदललात, फिल्टर बदललात. पण त्या पंपाला काय मिळतंय ते बघितलंत का?"

आम्ही बघितलं नव्हतं. कोडमध्ये मी कुठलाही बग लॉग न बघता दुरुस्त करत नाही. इथे मात्र एकही माप न घेता नऊ हजार घातले होते.

पुढच्या शनिवारी पुण्यात एका डायनोवर गाडी चढवली. घाटात चाचणी घ्यायचा मित्राचा विचार बाबांनी एका वाक्यात संपवला: "तो रस्ता सगळ्यांचा आहे." पंपाच्या सॉकेटपासून लांब वायर काढून मल्टिमीटर जोडला, इंधनाच्या नळीवर दाबाचं मीटर लावलं. गाडी नुसती चालू असताना सगळं ठीक. पूर्ण भार दिल्यावर बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपापाशी १०.९. दाब ४.२ वर जायच्या ऐवजी ३.३ वर घसरत होता. पंधरा-वीस वर्षांच्या बारीक वायरी आणि गंजलेलं अर्थिंग जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच खात होते. दोष पंपात नव्हताच.

ही चेष्टा नव्हती. टर्बो इंजिनाला भाराखाली पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, ज्वलनकक्ष तापतो, अवेळी स्फोट होतात आणि पिस्टनला भोक पडू शकतं. तीन महिने आम्ही "अजून एकदा बघू" म्हणत ॲक्सिलरेटर दाबत होतो. मित्राची सगळी बचत त्या चार पिस्टनांवर होती.

इलाज साडेतीनशे रुपयांचा निघाला. बॅटरीपासून फ्यूज लावून थेट जाड वायर, रिले आणि नवीन अर्थिंग. पंपाची जुनी वायर फक्त रिलेला इशारा देते. त्यामुळे इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडतो. अपघातात नळी फुटली तर पेट्रोल फवारत राहू नये, म्हणून हे सोडायचं नाही. पुन्हा डायनोवर: १३.४ व्होल्ट, ४.२ बार, झटके नाहीत.

म्हणून पंप घ्यायचा विचार असेल तर क्रम हा ठेवा. आधी भाराखाली दाब मोजा. मग पंपापाशी व्होल्टेज. मग फिल्टर आणि टाकीतली जाळी. टाकी पाव भरलेली असताना घाटाच्या वळणावरच त्रास होतो का, तेही बघा. तेव्हा पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. हे सगळं बरोबर असेल तरच पंप बदला आणि तो गरजेपेक्षा फार मोठा घेऊ नका. जादा पेट्रोल परत टाकीत फिरत राहतं आणि तापतं. आणि एक: कंपनीने दिल्यापेक्षा वेगळी केलेली गाडी रस्त्यावर चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, हे आधी वाचा.

आजच्या थेट इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये टाकीतल्या पंपाशिवाय इंजिनावर आणखी एक पंप असतो, दीडशे-दोनशे बारचा. तो कशाने चालतो माहीत आहे? कॅमशाफ्टने. पद्मिनीचा पंप चालायचा तसाच. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग पंचा जपून ठेवायला हवा होता."

आमचा जुना पंप अजून कपाटात आहे. नव्या वायरीवर तो पुरला असता का, हे आम्ही कधी तपासलं नाही. बाबांनी एकदा तो हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "याचा काय दोष होता?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मीटर मात्र आता गाडीतच असतो, बाबांच्या सीटखाली पंचा असायचा तसा.