फिल्डवर्कचा पहिला दिवस: माथेरानला कोण कुठून चढलं?

इतिहासात पीएच.डी. करायची तर फिल्डवर्क कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडत असेल. मलाही पडला होता. आपली कागदपत्रं अभिलेखागारात असतात, मग माथेरानला जाऊन लाल माती कशासाठी तुडवायची? माझ्या मार्गदर्शकांनी आग्रह धरला म्हणून मी तीन दिवसांचा दौरा आखला. त्यातला पहिला दिवस फक्त प्रवासात गेला. एकही पॉइंट धड पाहिला नाही. पण माझ्या पहिल्या प्रकरणाचं नाव त्याच दिवशी बदललं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

निघण्याआधी काय ठरवलं होतं

आराखड्यात पहिल्या प्रकरणाचं नाव होतं ‘माथेरानचा शोध, १८५०’. ते मी फार विचार करून दिलं नव्हतं. सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं, म्हणून दिलं. गोष्ट तुम्हीही वाचली असेल. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी होता. चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन ते वर चढले. जागा आवडली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, बंगले उभे राहिले आणि माथेरान हे थंड हवेचं ठिकाण झालं.

इथे एक उपयोगी सूचना. माथेरान आज रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. रायगडचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी सरळ कुलाब्याचं जुनं गॅझेटिअर उघडलं आणि दोन दिवस वाया घालवले. कर्जत तालुका १८९१ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात गेला. त्याआधीचं माथेरान शोधायचं तर १८८२ चं ठाणे गॅझेटिअर बघायला हवं. तिथे त्यावर चांगलं मोठं टिपण आहे. तेव्हा कुठल्याही गावावर काम सुरू करताना आधी विचारा: हे गाव त्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात होतं? आजचा नकाशा घेऊन जुन्या कपाटात शोधू नका.

नेरळ ते दस्तुरी

सकाळच्या कर्जत लोकलनं नेरळला उतरले. छोट्या गाडीत जागा मिळाली नाही, म्हणून स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी धरली. घाट चढता चढता एक साधी गोष्ट खटकली. मी नेरळहून चढत होते. मॅलेट चौकहून चढले होते. चौक तर डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, आजच्या खालापूर तालुक्यात. मग वाट बदलली केव्हा?

उत्तर रेल्वेत आहे. १८५० मध्ये मुंबईहून पुण्याला जाणारा रस्ता पनवेल, चौक, खोपोली असा जात होता. फिरतीवरचा कलेक्टर चौकला मुक्काम करणार, हे ओघानंच आलं. पुढे रेल्वेमार्ग कल्याणहून १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला, तो नेरळवरून. तेव्हापासून मुंबईच्या साहेबाला नेरळला उतरून घोड्यावर किंवा पालखीत बसून वर जाणं सोयीचं झालं. १९०७ मध्ये नेरळ ते माथेरान छोटी गाडी सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. दोन फूट रुंदीचे रूळ आणि सुमारे २१ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग. मग तर नेरळ हेच माथेरानचं दार ठरून गेलं.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. पण वेगवेगळ्या पुस्तकांत, वेगवेगळ्या वहीत. टॅक्सीत बसल्यावर ते पहिल्यांदा एका रेषेत आलं. ज्या पाटलाच्या गावातून ही गोष्ट सुरू झाली, ते गावच पुढच्या गोष्टीतून बाहेर पडलं होतं. पाटलाचं नाव तरी मी कधी शोधलं होतं का? नाही. माझ्या टिपणात तो फक्त ‘चौकचा पाटील’ होता.

दस्तुरीच्या पुढे

दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला, तर पुढे मोटारीला परवानगी नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यातही हे बंधन आहे. आपण पर्यटक याला ‘वाहनमुक्त’ म्हणतो आणि खूश होतो. मीही तोच शब्द वहीत लिहिला.

दहा मिनिटांत तो खोडला. कारण वाहनं होती, फक्त त्यांना इंजिन नव्हतं. सामान डोक्यावर घेतलेले हमाल होते. घोडे होते आणि त्यांच्याबरोबर चालणारी माणसं होती. हातरिक्षा होत्या, एक जण पुढून ओढणारा आणि बाकीचे मागून ढकलणारे. २०२२ च्या अखेरीला ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला आणि त्यांच्या चालकांना ई-रिक्षा देण्याची योजना आखायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं अमानवी आहे, हे त्यामागचं कारण. म्हणजे मॅलेट चढले त्यानंतर १७५ वर्षांनी ‘वर कोण कुणाला वाहून नेतं’ हा प्रश्न न्यायालयात सुटत होता. आणि माझ्या आराखड्यात त्याला एक ओळही नव्हती.

माझी चूक

बाजाराच्या अलीकडे एक बाई कठड्यावर टेकल्या होत्या. शेजारी भाजीची पाटी. वय साठीच्या आसपास. पायथ्याच्या वाडीतून पायवाटेनं चढून आल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, ही वाट किती जुनी असेल?”

त्या म्हणाल्या, “वाट म्हणजे वाट. माझी सासूपण हिनंच यायची. तिची सासूपण.”

मी हसले, “बरं” म्हटलं आणि पुढे गेले. कारण चार वाजायच्या आत मला एल्फिन्स्टनच्या काळातल्या बंगल्यांच्या जागा पाहायच्या होत्या.

रात्री वही लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. वाडीचं नाव विचारलं नाही. सासू काय घेऊन यायची, कोणाच्या बंगल्यावर द्यायची, मोबदला पैशात मिळायचा की धान्यात, काही काही विचारलं नाही. त्या बाईंना माझ्याशी बोलायला वेळ होता, घाई मला होती. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तासभर थांबले. त्या आल्या नाहीत.

तीन पिढ्या मागे मोजा. आपण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जवळ पोचतो, म्हणजे छोटी गाडी आली त्या सुमाराला. गाडी आल्यावर पालखी उचलणाऱ्यांचं काय झालं, डोक्यावरचा भार कमी झाला की फक्त माल बदलला, हे विचारण्याची माझी ती संधी होती. मौखिक इतिहासाची पद्धत मी एका पेपरसाठी शंभर गुणांना अभ्यासली होती, हेही इथे कबूल करते.

मग कागदाकडे परत

त्या रात्री मी गॅझेटिअरच्या नोंदी पुन्हा काढल्या. या वेळी साहेब सोडून बाकीचे शोधत वाचल्या. डोंगरावरच्या ठाकर, कातकरी, धनगर लोकांचा उल्लेख आधीही डोळ्यांखालून गेला होता. तेव्हा मी तो ‘पार्श्वभूमी’ या कप्प्यात टाकला होता. डोंगरावर माणसं होती, वाटा होत्या, म्हणूनच पाटील मॅलेटना वर घेऊन जाऊ शकला. वाट नसलेल्या डोंगरावर वाटाड्या कुठून येणार? मग ‘शोध’ कसला?

आणि सेवा करणाऱ्यांच्या वस्तीतून आलेला एक माणूस तर इतिहासाला चांगलाच माहीत आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्येच, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले. त्यांच्यावर माझं शेवटच्या प्रकरणात एक पान होतं, ‘स्वातंत्र्यलढा’ या शीर्षकाखाली. पण बंगल्यांचं माथेरान आणि कोतवालांचं माथेरान ही दोन वेगळी गावं नव्हती. एकाच रस्त्यानं दोघांकडे जाता येत होतं. मी मात्र त्यांना दोन टोकांच्या प्रकरणांत ठेवलं होतं.

तुम्ही निघाल तेव्हा

पहिल्या दिवसासाठी मी आता चारच गोष्टी ठरवते. तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक, पहिल्या दिवशी पाहण्याच्या जागांची यादी करू नका. नुसतं पोचा, आणि पोचताना कोण काय वाहून नेतंय ते लिहा.

दोन, तुमचा मार्ग आणि तुमच्या साधनातल्या माणसाचा मार्ग नकाशावर शेजारी शेजारी काढा. फरक दिसला तर तिथे प्रश्न आहे.

तीन, कोणी दोन वाक्यं बोललं तर थांबा. परवानगी घेऊन तिथेच लिहा. गावाचं नाव विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

चार, रात्री आराखडा उघडा आणि त्यातला एक तरी शब्द दिवसभरात पाहिलेल्या गोष्टींसमोर ठेवून तपासा.

माझा शब्द होता ‘शोध’. तो मी खोडला. आता प्रकरणाचं नाव आहे ‘माथेरानच्या वाटा’. मार्गदर्शकांनी ते मान्य केलं, पण समासात लिहिलं: “चौकच्या पाटलाचं नाव?” पुढचा दौरा चौकहून सुरू होणार आहे.