दार कुणाच्या हातचं?

मराठीत दार लावतात, लोटतात, ओढून घेतात, त्याला कडी घालतात आणि राग आला की आपटतात. पण दाराची गोल मूठ फिरवण्यासाठी आपल्याकडे घरचा शब्द नाही. दुकानदार तिला ‘नॉब’ म्हणतो, सुतार ‘गोल हँडल’ म्हणतो, आपणही तेच म्हणतो. वस्तू बाहेरून आली आणि शब्द सोबत घेऊन आली. तिच्यासोबत आणखीही एक गोष्ट आली. दार उघडणारा हात कसा असतो, याबद्दलची एक समजूत.

दार बंद करण्याच्या प्रत्येक साधनात अशी समजूत असते. जुन्या वाड्याचा अडसर घ्या. भिंतीतल्या खोबणीतून जाडजूड लाकूड ओढायचं आणि दोन्ही फळ्यांच्या मागे आडवं सारायचं. ते बाहेरून काढायची सोयच नाही. म्हणजे आत कायम कुणीतरी असणार, हे धरूनच दार बनवलेलं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर बाहेरच्या अंगाला जे अणकुचीदार खिळे आहेत ते हत्तींसाठी. माणसाला आत घ्यायचं की नाही, हे आतला पहारेकरी ठरवणार. साध्या घरात याच व्यवस्थेची धाकटी भावंडं होती: अडणा, खिट्टी, कडी-कोयंडा. बाहेरची लोंबती कडी घंटेचंही काम करायची. ‘कडी वाजवली’ की आतून कुणीतरी यायचंच.

कुलपाचा विचार वेगळा आहे. ते घर रिकामं सोडून जाणाऱ्यासाठी असतं. लंडनमधल्या ब्रामा कंपनीने आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून, ते उघडणाऱ्याला २०० गिनी देण्याची पैज लावली होती. ती साठेक वर्षं टिकली. १८५१च्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडलं. चब कंपनीचं नावाजलेलं कुलूपही त्याने त्याच मुक्कामात उघडून दाखवलं. आपल्याकडे १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. वकिली सोडून आलेल्या या माणसाचा शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा धंदा त्याआधी बसला होता. शहरात घरफोड्यांची भीती होती आणि कुलपाला गिऱ्हाईक होतं.

आज आपल्या फ्लॅटच्या बेडरूम-बाथरूमला दिसणारा, आत बटण असलेला गोल नॉब या कुळातला नाही. तो चोरासाठी नसून घरातल्याच माणसांपासून खासगीपण मिळवण्यासाठी आहे. त्याचं श्रेय जर्मनीत जन्मलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेल्या वॉल्टर श्लागे यांच्याकडे जातं. पूर्वी कुलूप बसवायला दाराच्या जाडीत पोकळी कोरावी लागे. १९२०च्या दशकात त्यांनी सगळी यंत्रणा एका नळकांड्यात बसवली. दाराच्या अंगात एक मोठं आरपार भोक, कडेला एक लहान, की काम झालं. बिल्डरांना ते सोयीचं होतं. आपल्याकडे फ्लॅट संस्कृती आली तशी कडी गेली आणि नॉब आला.

पण नॉबला हात लागतो तो धडधाकट. पाच बोटांनी घट्ट धरायचं आणि धरलेलं न सोडता मनगट पिळायचं. माझ्या आईच्या बोटांची पेरं संधिवाताने सुजली आहेत. ओला, साबणाचा हात त्या गुळगुळीत स्टीलवरून नुसता घसरतो. तिने बाथरूमचं दार लावणंच सोडून दिलं. दार लोटून घ्यायची आणि आतून हाक द्यायची, ‘मी आत आहे रे!’ आयुष्यभर पदर सावरून वावरलेल्या बाईने वयाच्या ७८व्या वर्षी स्वतःच्याच घरात अशी वर्दी द्यायची.

या प्रश्नाचं उत्तर जगात केव्हाच सापडलेलं आहे. अमेरिकेतले वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस लहानपणी पोलिओ झाल्यापासून चाकाच्या खुर्चीत होते. अपंगांसाठी वेगळी सोय करण्याऐवजी सगळ्यांना चालेल अशीच वस्तू मुळात बनवावी, असा विचार त्यांनी मांडला. दांडीचं हँडल हे त्याचं सर्वात सोपं उदाहरण. ते कोपराने, मुठीने, हातात पिशव्या असताना मनगटानेही खाली दाबता येतं. अमेरिकेच्या १९९० सालच्या अपंग हक्क कायद्याखालच्या नियमांनी तर सांगितलं की, दाराचं साधन एका हाताने, घट्ट न पकडता, न चिमटता, न पिळता चालवता आलं पाहिजे. कॅनडातल्या व्हँकूवर शहराने २०१४पासून नव्या घरांनाही गोल नॉब बसवायला बंदी केली. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण त्याचा सुगम्यतेचा भर सार्वजनिक जागांवर आहे. आईच्या बाथरूमपर्यंत तो पोचत नाही.

तिथे स्क्रूड्रायव्हर पोचतो. मी आतल्या अंगाचे दोन लांब स्क्रू काढले, नॉबचे दोन्ही भाग वेगळे केले, मग कडेची जीभ काढली. दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं, ६० मिलिमीटर. त्या मापाचं दांडीचं हँडल त्याच भोकात बसलं. टोक दाराकडे वळलेलं निवडलं, नाहीतर पदर आणि बांगड्या अडकतात. बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी खाच आहे ना, तेही पाहून घेतलं. अर्धा तास लागला.

आमच्या इमारतीत ४८ फ्लॅट आहेत आणि प्रत्येकात बिल्डरने बसवलेले तेच गोल नॉब आहेत. घरं घेतली तेव्हा आम्ही सगळे तिशी-चाळिशीत होतो. आता जिन्यात भेटणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात काठी असते. त्यांच्यापैकी किती जण दार नुसतं लोटून घेत असतील, हे विचारण्यासारखं आहे. पण ही गोष्ट आपण होऊन कुणी सांगत नाही.