उत्तर पेशवाईतील समाज व अर्थव्यवस्था

उत्तर पेशवाई ही संज्ञा सामान्यतः दुसरा बाजीराव याच्या कारकिर्दीस (१७९६–१८१८) लावली जाते. वसईच्या तहाची (१८०२) चर्चा नेहमी होते. रयतेच्या दृष्टीने मात्र महसूलपद्धतीतील बदल अधिक घातक ठरला.

पूर्वी मामलतदार हा सरकारने नेमलेला अधिकारी असे व हुजूर दफ्तरात त्याचे हिशेब तपासले जात. बाजीरावाने अधिक रक्कम कबूल करणाऱ्यास मामलत मक्त्याने देण्याचा प्रघात पाडला. पुढील वर्षी मामलत आपल्याकडे राहील याची शाश्वती नसल्याने मक्तेदार होईल तितकी वसुली करून घेई, किंवा पोटमक्ते देई. शेवटी तगादा पाटलाकडे येई. पाटील गावाच्या नावावर सावकाराचे कर्ज काढी आणि ते व्याजासह रयतेच्या माथी बसे. यशवंतराव होळकरांच्या १८०२ मधील स्वारीने व १८०३–०४ च्या दुष्काळाने या दैन्यात भर घातली.

गावगाड्याची बलुतेदारी चौकट टिकून होती. जातिनिर्बंधही कडक होते व त्यांची सर्वाधिक झळ अस्पृश्य मानलेल्यांना लागे.

याच काळात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर आदी शाहिरांची रचना बहरली. तिला केवळ विलासाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. फंदीचे फटके उपदेशपर आहेत.

पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाईनंतर एल्फिन्स्टनने मक्तेपद्धती बंद केली. दक्षिणेच्या निधीचा काही भाग १८२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला.