कळकलेलें दूध : एका बालरोगाच्या शोधाची हकीकत

पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोकास जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचे कडे आणि भाताचीं खाचरें. पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या कांठची मोकळी जमीन. जुन्नर, ओतूर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव हीं या भागांतील बाजाराचीं गांवें. अशा गांवांतील खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराची ऐपत एके काळीं स्वयंपाकघराच्या मांडणीवर दिसे. हंडे, घागरी, तपेलीं, पातेलीं, तांबे, वाट्या, सारें पितळेचें किंवा तांब्याचें. चिंच आणि राख लावून घासलेलीं तीं भांडीं ओळीनें पालथीं घातलीं म्हणजे गृहिणीच्या टापटिपीची निराळी साक्ष काढावी लागत नसे.

या लखलखीत मांडणीचा आणि तान्ह्या मुलांच्या एका प्राणघातक रोगाचा कांहीं संबंध असेल अशी शंका घेण्यास घरांतील कोणालाच कारण नव्हतें. वैद्यकशास्त्रासही ती शंका येण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. त्या शंभर वर्षांत महाराष्ट्रांतील आणि इतर प्रांतांतील असंख्य आईबाप 'आमच्या मुलाला झालें आहे तरी काय?' हा एकच प्रश्न घेऊन दारोदार फिरत होते.

हा रोग म्हणजे लहान मुलांचा यकृतविकार. इंग्रजी ग्रंथांत त्यास 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' असें नांव पडलें. घरोघर मात्र त्याला नुसतें 'लिव्हर' म्हणत. अमक्याच्या मुलाला लिव्हर झालें, एवढें कानीं पडलें कीं ऐकणारा पुढचें विचारीत नसे. साधारणतः सहा महिने ते तीन वर्षें या वयांत तो मुलास गांठी. त्याचें येणें मोठें चोरपावलांचें असे. अंगानें भरलेलें मूल किरकिरें होई, दुधावरून तोंड फिरवी, मधून मधून कणकण येई. पोट किंचित् मोठें दिसूं लागे. पण लहान मुलाचें पोट मोठें असावयाचेंच, म्हणून तिकडे कोणी फारसें लक्ष देत नसे. पुढें उजव्या बरगडीखालीं हातास कांहीं कठीण, धारदार कडेचें लागूं लागे. तें वाढलेलें यकृत असे. मग डोळे पिवळे होत, पोटांत पाणी भरे, पाय सुजत. आणि तेथून थोड्याच महिन्यांत बहुधा शेवट होई.

जुन्नर किंवा आंबेगांवकडील एखाद्या घरीं असें मूल आजारी पडलें म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. आजी दृष्ट काढी. कोणी सटवाईनें कपाळीं लिहिलेलें टळत नाहीं म्हणे, तर कोणी कुलदैवताचा नवस राहिल्याची आठवण देई. वैद्य भुईआवळी देत. गांवचे डॉक्टर जंताचें, तापाचें, शक्तीचें औषध देत. वर्तमानपत्रांतील यकृतौषधांच्या जाहिराती आशा दाखवीत. शेवटीं मंचर, खेड, चाकण असा सुमारें नव्वद किलोमीटरांचा प्रवास करून मूल पुण्याच्या रुग्णालयांत न्यावें, तों तेथें रोगाचें नांव मिळे, पण कारण मिळत नसे. कारण नसल्यामुळें दोष देण्यास माणूस शोधलें जाई; आणि तें माणूस बहुधा मुलाची आई असे. तिचें दूध वाईट, तिचा पायगुण वाईट, तिच्या माहेरचें रक्त वाईट! दुसरें मूलही त्याच वाटेनें गेलें, म्हणजे या बोलण्यास जणूं पुरावाच मिळे.

वैद्यकशास्त्र या काळांत स्वस्थ बसलें होतें असें मात्र नाहीं. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनीं १८८७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांतून असेच रोगी नोंदले गेले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या यकृतरोग उपसमितीनें १९५५ सालीं या प्रश्नावर अहवाल दिला. एकामागून एक कारणें पुढें आलीं. आहारांत प्रथिनें कमी पडतात, असें एक मत होतें. पण हा रोग उपासमारीनें खंगलेल्या मुलांपेक्षां मध्यम स्थितींतील घरांच्या मुलांतच अधिक आढळे. कावीळ उत्पन्न करणाऱ्या विषाणूवर कांहींचा संशय होता. बुरशी लागलेल्या भुईमुगांतील अफ्लाटॉक्सिन या विषाकडेही कांहींनीं बोट दाखविलें. यांपैकीं एकही कारण सर्व हकीकतीस नीट लागूं पडेना.

हकीकतीचीं अंगें मोठीं चमत्कारिक होतीं. रोग शहरांपेक्षां खेड्यांत आणि लहान गांवांत जास्त. हिंदु कुटुंबांत जास्त. अगदीं दरिद्री घरांत कमी. आणि एकाच आईबापांच्या दोन-दोन, तीन-तीन मुलांस होणारा. हें सर्व पाहून रोग रक्तांतून येत असावा, असें अनुमान निघणें स्वाभाविक होतें. परंतु त्या अनुमानांत एक गोष्ट सुटली होती. भावंडांचें रक्त एक असतें, तशी त्यांची चूलही एक असते. जातीजातींत विवाहाच्या रूढी निराळ्या, तशा स्वयंपाकाच्या भांड्यांच्या रूढीही निराळ्या असतात. आनुवंशिकता आणि दुधाचें पातेलें हीं दोन्ही एकाच घरांत नांदतात. नुसतें कुटुंब पाहून त्यांतील कोणतें अपराधी, हें सांगतां येत नाहीं.

पहिला धागा सूक्ष्मदर्शकाखालीं सांपडला. १९७८ सालीं पोर्टमन, टॅनर आणि त्यांचे सहकारी यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत एक निरीक्षण प्रसिद्ध केलें. या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांस ऑर्सीन नांवाचा रंग दिला असतां पेशींत गडद तपकिरी कण दिसत. हे कण प्रथिनांशीं बांधलेल्या तांब्याची खूण होते. पुढें प्रत्यक्ष मोजणी झाली. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क भागांत तांबें साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत असतें. या मुलांत तें पुष्कळदां हजाराच्याही वर गेलेलें आढळलें. यकृतांत तांबें सांठण्याचा एक आनुवंशिक विकार आधींपासून माहीत होता. किन्नियर विल्सन यांनीं १९१२ सालीं वर्णिलेला तो विकार त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. परंतु तो पांच वर्षांच्या आंत क्वचितच प्रकट होतो. त्याची चाल निराळी आहे. मग दीड वर्षाच्या मुलाच्या यकृतांत एवढें तांबें आलें कोठून?

या प्रश्नाचें उत्तर पुण्यांत शोधलें गेलें. रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालय १९१२ सालीं स्थापन झालेलें. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनीं ब्रिटनमधील डॉ. स्ट्युअर्ट टॅनर यांच्यासह हें काम हातीं घेतलें. त्यांनीं यकृताची परीक्षा केलीच; पण तिच्याबरोबर मुलांच्या आयांस साधे प्रश्न विचारले. मूल अंगावर किती दिवस पीत होतें? वरचें दूध कधीं सुरू केलें? तें कशांत तापविलें, कशांत ठेवलें? १९८३ सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्यांचा निष्कर्ष आला : तांब्याचा अंश उतरलेलें गाईम्हशीचें दूध फार लवकर सुरू करणें, हें या रोगाचें संभाव्य कारण होय. १९८७ सालीं आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास, त्यांच्या जोडीच्या इतर मुलांच्या इतिहासाशीं ताडून पाहण्यांत आला. तेव्हां या निष्कर्षास बळकटी आली. आजारी मुलांस वरचें दूध लवकर सुरू झालें होतें, आणि तें पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापविलेलें वा ठेवलेलें होतें.

पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचा मिश्रधातु. त्याच्या भांड्यांस आंतून कथलाची कल्हई असते, तोंपर्यंत अन्नाचा तांब्याशीं संबंध येत नाहीं. कल्हईवाला दारीं येई, भाता लावी, नवसागराचा धूर निघे आणि भांडें आंतून चांदीसारखें होई. पण रोजच्या घासण्यानें कल्हई झिजते. मग त्यांत ठेवलेलें ताक किंवा चिंचेचें सार कळकतें. 'कळकणें' हा शब्द मराठींत पिढ्यान् पिढ्या आहे. आंबट पदार्थ पितळेंत ठेवूं नये, हें सुनेस पहिल्या महिन्यांतच शिकविलें जाई. दुधाविषयीं मात्र तशी भीति नव्हती. दूध आंबट नाहीं. तें हिरवें पडत नाहीं, तोंडास कडू लागत नाहीं. परंतु दुधांतील केसीन हें प्रथिन तांबें धरून ठेवतें. म्हणून कल्हई गेलेल्या भांड्यांत उकळलेलें आणि ठेवलेलें दूध, पाण्याहून कितीतरी अधिक तांबें ओढून घेतें. ताक कळकलें तर जीभ सांगते. दूध कळकलें तर कोणीच सांगत नाहीं.

मोठ्या माणसाचें यकृत जास्तीचें तांबें पित्तावाटे बाहेर टाकतें. तान्ह्या मुलाच्या यकृतांत जन्मतःच तांबें अधिक असतें, आणि तें बाहेर टाकण्याची शक्ति अजून परिपक्व झालेली नसते. आईच्या दुधांत तांबें अल्प असतें, ही निसर्गाचीच योजना म्हणावयाची. जुन्या कोड्याचीं पुष्कळ अंगें येथें सुटतात. दरिद्री घरांत मूल दीर्घकाळ अंगावर पीत असे, शिवाय वरचें दूध आणि पितळेचीं भांडीं दोन्हीं बेतानेंच असत. सुखवस्तु घरांत दुभतें असे, भांडीं असत, आणि मुलास बाळसें यावें म्हणून दूध भरपूर पाजण्याची हौसही असे.

तरी एक आक्षेप उरतोच. पितळेंतील दूध हजारों मुलें प्यालीं. सारींच कोठें आजारी पडलीं? आल्प्स पर्वतांतील ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताची हकीकत या ठिकाणीं उपयोगी पडते. तेथें १९०० ते १९७४ या काळांत १३८ लहान मुलें अशाच यकृतविकारानें दगावलीं, असें म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें. तेथेंही मुलांचें दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत शिजविण्याची चाल होती. तीं भांडीं गेलीं आणि रोगही गेला. वंशावळी तपासतां रोगाकडे झुकणारा एक आनुवंशिक दोषही तेथें दिसला. म्हणजे एकट्या रक्तानें किंवा एकट्या भांड्यानें हें घडलें नव्हतें. दोहोंची गांठ पडली तेथें घात झाला. भारतांतील रोगांतही मुलाची उपजत नाजूकता कांहीं अंशीं कारण असावी, असें पुष्कळ तज्ज्ञांचें मत आहे. पण रक्त बदलतां येत नाहीं, भांडें बदलतां येतें.

कारण सांपडल्यावर उपायासही दिशा मिळाली. शरीरांतील तांबें बांधून लघवीवाटे बाहेर काढणारें पेनिसिलामाइन हें औषध विल्सनच्या विकारावर १९५६ पासून माहीत होतें. पुण्याच्या तज्ज्ञांनीं तें या मुलांस देऊन पाहिलें. कावीळ व जलोदर होण्यापूर्वीं सुरू केलें तर कित्येक मुलें वांचलीं. वर्षानुवर्षें तीं नीट राहिल्याचा वृत्तान्त १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें पूर्वीं रोगाचें नांव हाच निकाल असे, तेथें ही गोष्ट लहान नव्हती.

परंतु रोग मुख्यतः हटला तो औषधानें नव्हे. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं. बोहारणीनें जुन्या लुगड्यांच्या बदल्यांत स्टीलचें पातेलें दिलें, लग्नांतील आहेर बदलला, पितळ माळ्यावर गेलें. कल्हईवाल्याची हाक विरळ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग इतका दुर्मिळ झाला कीं तरुण डॉक्टरांस तो पुस्तकांतूनच शिकावा लागला. ज्या गृहिणींनीं भांडीं बदललीं, त्यांपैकीं बहुतेकींनीं तीं घासण्यास सोपीं आणि कल्हईच्या खर्चांतून सुटका करणारीं म्हणून बदललीं असतील. आपण मुलांचे प्राण वांचवीत आहों, हें त्यांच्या गांवींही नव्हतें.

एकविसाव्या शतकांत तांब्यापितळेचीं भांडीं शहरी घरांत पुन्हां हौसेनें येऊं लागलीं. मोठ्या माणसानें तांब्याच्या भांड्यांतील पाणी पिणें आणि तान्ह्या मुलाचें दूध बिनकल्हईच्या पितळेंत उकळणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्या घरीं लहान मूल आहे, तेथें त्याचें दूध तरी त्या भांड्यांपासून दूर ठेवावें, एवढा धडा या इतिहासानें मोठी किंमत घेऊन दिला आहे.

ही किंमत सर्वांत अधिक कोणी दिली, हें विसरतां कामा नये. जिच्या दुधास बोल लागला, तिचें दूधच मुलास खरें सुरक्षित होतें. जिच्या हातून तें तांबें मुलाच्या पोटांत गेलें, तिनें भांडें स्वच्छ घासलें होतें, दूध नीट उकळलें होतें, मुलास कमी पडूं दिलें नव्हतें. तिचा अपराध एवढाच कीं जें शास्त्रासही माहीत नव्हतें, तें तिलाही माहीत नव्हतें. आणि शास्त्रास तें कळलें, तेंही तिच्याजवळ बसून विचारल्यावर. शंभर वर्षें मुलाचें पोट चांचपलें गेलें, रक्त तपासलें गेलें, कुळी पाहिली गेली. उत्तराचा अर्धा भाग मात्र, वरचें दूध कोणत्या भांड्यांत तापवितां, या प्रश्नाची वाट पाहत चुलीशेजारीं पडून होता.